अबोलीची पानं पिवळी पडलीत आणि फुलं थांबलीत. कोणतं खत घालू?

खताचं नंतर बघू, आधी पिवळं पान कुठलं ते बघा. तुम्ही लिहिलंय की शेंड्याची कोवळी पानं पिवळी आहेत, पण त्यांच्या शिरा हिरव्या आहेत. ही लक्षणं लोह कमी पडल्याची. लोह बहुतेक मातीत असतंच. पण माती चुनखडीची किंवा पाणी क्षाराचं असलं की मुळांना ते घेता येत नाही. मीही हे न कळून दोन वर्षं शेणखत ओतत बसलो होतो. चिलेटेड लोह (म्हणजे अशा मातीतही मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह) पाकिटावर लिहिलंय तेवढंच द्या, आणि शक्य असेल तर पावसाचं पाणी साठवून घाला. फरक नव्या पानांवर दिसेल, जुन्या पानांकडे बघून निराश होऊ नका. (खालची जुनी पानं पिवळी असती तर मी आधी कुंडीचा निचरा तपासायला सांगितलं असतं.)

आता फुलं. अबोलीच्या कणसावर फुलं खालून वर उमलत जातात. शेंड्यापर्यंत पोचली की कणीस हिरवंच राहतं, म्हणून आपण ते ठेवतो, आणि झाड बी धरण्यात गुंतून पडतं. असं कणीस देठासकट, खालच्या पानांच्या जोडीपर्यंत कापा. तिथूनच नवे फुटवे येतात. बी हवं असेल तर एखादं कणीस वाळू द्या. वाळलेल्या बोंडावर पाणी पडलं की ते तडकतं आणि बी लांब उडतं; पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कुंडीत किडा आहे असं वाटलं होतं! 'दिल्ली' जातीला मात्र बी धरत नाही, तिच्या काड्याच लावाव्या लागतात.

सकाळचं ऊन, कडक उन्हाळ्यात दुपारची सावली, एवढं तिला पुरतं. थंडी सोसत नाही. पारा १० अंशांखाली जाणार असेल तर कुंडी आत घ्या.

एवढं करूनही माती ओली असताना झाड माना टाकत असेल तर ते उपटून मुळं बघा. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत, आहेत. ते झाड वाचवत बसू नका. शेंड्याकडची बोटभर काडी, फूल नसलेली, नव्या मातीत लावा. जुनी माती अबोलीला परत वापरू नका.