बॅटरी घरीच बदला, पण वहिनींचं सोनंही सोडवा

यावल तालुक्यातल्या एका केळी उत्पादक भाऊंचं पत्र आलंय, नाव छापत नाही. 2016 ची सेकंडहँड बीएमडब्ल्यू 320डी आहे, दोन वर्षांपूर्वी घेतलेली, लग्नकार्याला आणि महिन्यातून एकदोनदा जळगावला निघते. एप्रिलच्या उन्हात पंधरा दिवस उभी राहिली आणि बॅटरी बसली. सर्व्हिस सेंटर बॅटरी, कोडिंग, मजुरी धरून 46 हजार सांगतंय, वर नाशिकपर्यंत गाडी उचलून न्यायचे 14 हजार. जळगावचा बॅटरीवाला तशीच बॅटरी जुनी परत घेऊन 24 हजारांत देतो. घरी बदलली तर चालेल का, हा प्रश्न. आणि पत्राच्या शेवटी सहज लिहावं तशा दोन ओळी: जूनमध्ये बँकेच्या प्लॅनचा 3 लाखांचा तिसरा हप्ता आहे, मागच्या वर्षीचा घरचं सोनं ठेवून भरला, यंदा केळीचे पैसे त्यासाठी राखून ठेवलेत म्हणून हात आखडता आहे.

भाऊ, बॅटरीचं आधी सांगून टाकतो. बदला घरीच. 24 हजारांची बॅटरी, 5 हजारांच्या आसपास ओबीडी अडॅप्टर (गाडीचा कॉम्प्युटर मोबाइलला जोडणारा प्लग) आणि ॲप, म्हणजे 60 च्या जागी 29 हजार. पण आधी एजीएमला (पाणी न घालायची सीलबंद बॅटरी) चालणाऱ्या चार्जरवर रात्रभर लावून बघा आणि लोड टेस्ट करून घ्या, कधी कधी नुसती उतरलेली असते, मेलेली नसते. बदलायचीच झाली तर एजीएमच घ्या आणि जुनीवर जेवढे एएच (बॅटरीची क्षमता) लिहिलेत तेवढ्याचीच, स्वस्त पडते म्हणून साधी पाण्याची बॅटरी टाकू नका. बॅटरी डिकीत आहे आणि करंट नसला की डिकी उघडत नाही, तेव्हा बॉनेटखालच्या जंप पॉइंटला दुसऱ्या बॅटरीचा करंट द्या, मग उघडेल, आणि काम होईपर्यंत डिकी चुकूनही बंद करू नका. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी, गॅस बाहेर जायची बारीक नळी परत जोडायची, आणि वजन पंचवीसेक किलो असतं म्हणून सोबत माणूस घ्या. शेवटी ॲपवरून नवी बॅटरी गाडीला रजिस्टर करायची, हे टाळलं तर गाडी जुनी बॅटरी समजूनच चार्ज करत राहते आणि नवी लवकर खराब होते. गाडी अशीच उभी राहणार असेल तर चार्जर मेंटेनर मोडवर लावून ठेवत जा, आपल्याकडच्या 44-45 डिग्रीत बॅटरी तशीही फार वर्षं काढत नाही.

आता त्या दोन ओळी. तुम्ही पॉलिसीचे फोटो जोडलेत म्हणून बरं झालं. हा "बँकेचा प्लॅन" म्हणजे युलिप आहे, विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र, विमा कंपनीचा, बँकेने फक्त विकलाय. हप्ता 3 लाख, भरायची मुदत 10 वर्षं, विमा 30 लाखांचा. मॅनेजर साहेब म्हणाले तीनच हप्ते भरा, पाच वर्षांत डबल, टॅक्स फ्री. भाऊ, तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत आणि मला याचा खरंच राग येतो, कारण केळीचा पैसा कसा येतो ते मी लहानपणापासून बघतोय.

तीन हप्त्यांचं बघा, तीन वर्षांचं लॉक-इन (तोवर पैसे काढता येत नाहीत) होतं ते सप्टेंबर 2010 च्या आधीच्या युलिपला, त्यानंतर पाच वर्षं आहे. डबलचं बघा, तीन हप्ते तीन वेगळ्या वर्षी गेले म्हणजे पैसा सरासरी चारच वर्षं राहतो, चार वर्षांत डबल व्हायला दरसाल जवळपास 19 टक्के लागतात, तेही चार्जेस कापून. असं कोणी कबूल करत असेल तर त्याच्याकडून लिहून घ्या, देणार नाही. आणि टॅक्स फ्री तर नाहीच, 1 फेब्रुवारी 2021 पासूनच्या युलिपमध्ये वर्षाचा हप्ता अडीच लाखांच्या वर गेला की मुदतीनंतरच्या नफ्यावर टॅक्स लागतो. तुमचा 3 लाख आहे. विकणाऱ्याला हे माहीत असायलाच पाहिजे होतं.

आणि हा हप्ता भरायला वहिनींच्या पाटल्या तारण गेल्या, 11 टक्क्यांनी. 3 लाखांवर वर्षाचं व्याज 33 हजार. बॅटरीत जेवढे वाचवायला तुम्ही चार जणांना विचारताय त्याहून जास्त पैसे व्याजात चाललेत आणि त्याबद्दल पत्रात एक शब्द नाही.

तिसरा हप्ता भरू नका, असं माझं मत आहे. दुसरी बाजू पण सांगतो, कारण ती आहे. हप्ता थांबला की तुमचा फंड डिस्कंटिन्युअन्स फंडात (बंद पडलेल्या पॉलिसींचे पैसे ठेवायचा वेगळा फंड) जातो, कंपनीची कपात तिसऱ्या वर्षाला नियमाने 4 हजारांच्या वर नाही, पण तिथे कमीत कमी 4 टक्क्यांचीच हमी आणि पैसे लॉक-इन संपल्यावर, म्हणजे अजून तीन वर्षांनी. मार्केटने 9 टक्के दिले असते असं धरलं तर 6 लाखांवर तीन वर्षांत लाखभर कमी मिळतील. नुसत्या कागदावर चालू ठेवणं बरं दिसेल. पण लॉक-इन संपेपर्यंत चालू ठेवायला अजून तीन हप्ते, 9 लाख भरावे लागतात, आणि मे-जूनच्या एका वादळात मृगबाग आडवी झाली की तुम्ही परत सोनं घेऊन बँकेत जाल. एकदा गेलातच. त्या लाखाच्या आशेवर मी तुम्हाला 9 लाखांत अडकवणार नाही.

फक्त क्रम चुकवू नका. हप्ता थांबला की 30 लाखांचा विमाही जातो, म्हणून आधी 1 कोटीचा टर्म प्लॅन (नुसता विमा, गुंतवणूक नाही) घ्या. तुमच्या 40 च्या वयाला वर्षाला पंधरा ते पंचवीस हजार धरा, 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक विम्यावर जीएसटीही नाही. तंबाखू खात असाल तर फॉर्मवर खरं लिहा, हप्ता वाढेल पण उद्या क्लेम अडणार नाही. मेडिकलला वेळ लागतो, आजच सुरू करा. युलिपच्या हप्त्याच्या तारखेनंतर 30 दिवसांची सवलत असते, तेवढ्यात टर्म पॉलिसी हातात यायला पाहिजे.

मग राखलेल्या 3 लाखांतून 30 हजार बॅटरीला आणि बाकीचे 2 लाख 70 हजार सोनेतारणात भरा. व्याज धरून साठेक हजार उरतील, ते पुढच्या कटाईला फेडा आणि पाटल्या घरी आणा. टर्मचा हप्ता त्याच्या आधी येईल, तो बॅटरीच्याही आधीचा खर्च समजा, गाडी महिनाभर उभी राहिली तरी चालेल.

मॅनेजर साहेबांनी "डबल" किंवा "तीनच हप्ते" असं व्हॉट्सॲपवर कुठे लिहिलं असेल तर तो मेसेज जपा. आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार, तिथे दाद लागली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे, फी लागत नाही, वकीलही लागत नाही. पैसे परत मिळतीलच असं मी म्हणत नाही, पण तक्रार करा. आणि चार्जेसचं जे पान आहे त्याचा फोटो नीट आलेला नाही, तो उजेडात काढून परत पाठवा, जूनच्या तारखेच्या आत.