कॅलबिंडिनच्या अँटिबॉडीने वेस्टर्न ब्लॉटमध्ये दोन बँड येतात. अँटिबॉडी खराब आहे का?

तुम्ही लिहिलंय की वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनं जेलवर आकारानुसार वेगळी करून हवं ते अँटिबॉडीने ओळखण्याची पद्धत) उंदराच्या मेंदूच्या नमुन्यावर कॅलबिंडिन-डी28के या कॅल्शियम धरणाऱ्या प्रथिनाची, उंदरातच बनवलेली मोनोक्लोनल (एकच जागा ओळखणारी) अँटिबॉडी लावली. 28 किलोडाल्टनला (प्रथिनाच्या वजनाचं एकक) बँड आला, पण त्याच्याजवळ आणखी एक आला. अँटिबॉडीला इतक्यात दोष देऊ नका. दुसरा बँड पहिल्याच्या वर आहे की खाली, हे आधी मार्करशी (वजन माहीत असलेल्या प्रथिनांशी) नीट ताडून बघा.

खाली, 25च्या आसपास असेल आणि 50लाही काही दिसत असेल, तर माझा पहिला संशय सेकंडरीवर, म्हणजे प्रायमरीला (प्रथिन ओळखणाऱ्या पहिल्या अँटिबॉडीला) चिकटून बँड दाखवणाऱ्या दुसऱ्या अँटिबॉडीवर. नमुना उंदराचा, प्रायमरीही उंदराची. मग रक्तातून नमुन्यात आलेल्या इम्युनोग्लोब्युलिनलाही (उंदराच्या स्वतःच्या अँटिबॉडींनाही) सेकंडरी चिकटणारच. रिड्यूसिंग जेलवर (जिथे अँटिबॉडीच्या साखळ्या सुट्या होतात) त्याची हलकी साखळी 25ला आणि जड साखळी 50ला येते. एका लेनला प्रायमरी न लावता नुसती सेकंडरी लावा. तिथेही तोच बँड दिसला तर निकाल लागला. पुढच्या वेळी प्राणी परफ्यूज करून रक्त काढून टाका, नाहीतर सशात बनवलेली अँटिबॉडी घ्या.

बँड 28च्या किंचित वर असेल तर मात्र गोष्ट जास्त रंजक आहे. कॅलरेटिनिन हे कॅलबिंडिनचं सख्खं भावंड. दोघांतही सहा-सहा ईएफ-हँड (कॅल्शियम धरणाऱ्या घडणीचे भाग), आणि अमिनो आम्लांच्या क्रमात निम्म्याहून जास्त साम्य. अख्खं प्रथिन टोचून बनवलेल्या पॉलिक्लोनलमध्ये (अनेक जागा ओळखणाऱ्या अँटिबॉडींच्या मिश्रणात) ही गल्लत सहज होते. मोनोक्लोनलमध्ये कमी, पण एपिटोप (अँटिबॉडी चिकटते ती जागा) नेमका दोघांत सारखा असलेल्या भागात पडला तर होतेच. डेटाशीटवर 'विशिष्ट' असं छापलेलं असतं, त्यावर मी विसंबत नाही. कॅलरेटिनिनवर तपासलंय का, एवढंच शोधतो.

घरच्या घरी करण्याजोगी सगळ्यात चांगली परीक्षा म्हणजे सेरेबेलमचा (लहान मेंदूचा) सेक्शन, म्हणजे पातळ काप. ब्लॉटवर सेरेबेलम चालवून फारसं कळणार नाही, कारण त्यात दोन्ही प्रथिनं भरपूर असतात. सेक्शनमध्ये ती वेगळी पडतात: उंदरात पर्किंजे पेशींमध्ये कॅलबिंडिन ठासून भरलेलं, तर कॅलरेटिनिन ग्रॅन्युल पेशींमध्ये. पर्किंजे पेशी गडद आणि ग्रॅन्युल थर स्वच्छ आला, तर अँटिबॉडी बरोबर. ग्रॅन्युल थरही रंगला तर ती कॅलरेटिनिनही पकडतेय. वर सांगितलेली सेकंडरीची अडचण इथेही येते, म्हणून नुसत्या सेकंडरीची एक स्लाइड सोबत हवीच. मोलेक्युलर थर बघून निष्कर्ष काढू नका. तिथे पर्किंजेच्या शाखा आणि ग्रॅन्युल पेशींचे तंतू एकमेकांत मिसळलेले असतात. सर्वांत पक्का पुरावा कॅलबिंडिनचा जीन काढलेल्या उंदराचा. असे उंदीर 1997पासून आहेत. कुणाकडून थोडी ऊती मिळाली तर सोडू नका.

पॉझिटिव्ह कंट्रोल (प्रथिन नक्की असलेला नमुना) म्हणून मूत्रपिंड चालतं, दूरस्थ नलिकेत कॅलबिंडिन असतं. मात्र सस्तन प्राण्यांच्या आतड्यात जे सापडतं ते कॅलबिंडिन-डी9के. नाव सारखं असलं तरी ते एस100 कुळातलं निराळंच प्रथिन आहे, तुमच्या अँटिबॉडीला दिसू नये.

शेवटी कॅल्शियम. या कुळातली प्रथिनं कॅल्शियम धरलं की आकार बदलतात. कॅल्मॉड्युलिन तर एसडीएस जेलमध्येही (प्रथिनं उलगडणाऱ्या जेलमध्येही) कॅल्शियम असताना जास्त वेगाने सरकतं. म्हणून सगळ्या नमुन्यांच्या बफरमध्ये सारखाच ईजीटीए (कॅल्शियम बांधून ठेवणारं रसायन) ठेवा, नाहीतर दोन ब्लॉटमधले बँड एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ राहत नाही.