वाचक विचारतात: जुनी आर१५, पहिली की दुसरी?

प्रश्न: मुलासाठी जुनी यामाहा आर१५ बघतोय. एक २०१० ची आहे, दुसरी २०१२ ची. गंमत म्हणजे दोन्हींना दोन तुकड्यांची सीट आणि मागे जाड टायर. २०१० वाला म्हणतो, ‘ही व्ही२च आहे, सुरुवातीच्या लॉटमधली.’ असं असू शकतं का? – एक वाचक, कळवा

उत्तर: नाही. पहिली आर१५, म्हणजे व्ही१, जून २००८ मध्ये आली आणि तिची दुसरी आवृत्ती व्ही२ सप्टेंबर २०११ मध्ये. दोन तुकड्यांची सीट आणि मागचं जाड टायर ही व्ही२ ची. आरसीवर नोंदणीची तारीख वेगळी आणि उत्पादनाचा महिना-वर्ष वेगळं असतं. त्यातलं उत्पादनाचं बघा. तिथे २०१० असेल तर ती गाडी व्ही१ आहे, वरून काहीही चढवलेलं असो. एमएच ०४ (ठाणे) आणि एमएच ४३ (नवी मुंबई) च्या जुन्या गाड्यांत अशा व्ही२ चे भाग लावून ‘कन्व्हर्ट’ केलेल्या भरपूर सापडतात.

कागदाशिवायही कळतं. खिशात एक छोटं लोहचुंबक ठेवा आणि मागच्या स्विंगआर्मला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला, लावा. व्ही१ चा स्विंगआर्म लोखंडी, चौकोनी नळीचा. चुंबक चटकन चिकटतं. व्ही२ चा ॲल्युमिनियमचा, चिकटत नाही. मग मागच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन बसते त्या चक्राचे, दात मोजा. खडूने एका दातावर खूण करून चाक फिरवत मोजलं तर चुकत नाही. व्ही१ ला ४२, व्ही२ ला ४७. शेवटी टेप घ्या आणि पुढच्या ॲक्सलपासून (चाकाच्या आसापासून) मागच्या ॲक्सलपर्यंतचं अंतर, म्हणजे व्हीलबेस, मोजा. व्ही१ चं १२९० मिलिमीटर, व्ही२ चं १३४५. चेन ताणताना चाक थोडं मागेपुढे होतं, पण साडेपाच सेंटिमीटरचा फरक त्यात लपत नाही. मूळ व्ही२ ला मागचा दिवाही एलईडीचा असतो, व्ही१ ला बल्बचा. मात्र दिवा, सीट आणि मागचं प्लास्टिक हे सगळं अर्ध्या दिवसात बदलता येतं, म्हणून त्यावर विसंबू नका.

इंजिन मात्र दोन्हींत जवळजवळ तेच: दीडशे सीसीच्या वर्गातलं, पाणी खेळवून थंड होणारं, चार व्हॉल्व्हचं, सहा गिअरचं, १७ पीएस. ईसीयूचं, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचं, मॅपिंग तेवढं बदललं. म्हणजे ‘व्ही२ जास्त पळते’ या गप्पांवर पैसे मोजू नका. फरक मागच्या अर्ध्या भागात आहे. लांब व्हीलबेस आणि रुंद टायरमुळे व्ही२ वेगात जास्त स्थिर वाटते, तर व्ही१ गर्दीत चटकन वळते आणि वजनाला पाच किलो हलकी आहे, १३१ विरुद्ध १३६. मागे कोणी बसणार असेल तर व्ही१ ची सलग सीट बरी. व्ही२ चं मागचं आसन उंच आणि अरुंद, मागचा माणूस चालवणाऱ्याच्या पाठीवर येतो. आमचं मत विचाराल तर २०१० ची नको. व्ही१ वाईट म्हणून नव्हे, ती अर्धवट बदललेली आहे म्हणून.

प्रश्न: माझ्याकडे अस्सल व्ही१ आहे. मागे व्ही२ चं १३०/७० टायर बसवलं तर चालेल? – घणसोली

उत्तर: गॅरेजवाला बसवून देईल, चालेल असं नाही. मूळ १००/८०-१७ टायरचा व्यास साधारण ५९२ मिलिमीटर, १३०/७०-१७ चा ६१४. व्यास वाढला की एका फेरीत गाडी सुमारे सात सेंटिमीटर जास्त जाते, म्हणजे सगळे गिअर जवळपास पावणेचार टक्क्यांनी लांब होतात. पिकअप मरतो, खारघरच्या चढावर लगेच जाणवेल. यामाहाने व्ही२ मध्ये हे टायर दिलं तेव्हा स्प्रॉकेटही बदललं, पुढे १५ आणि मागे ४७ दात. मागचे दात भागिले पुढचे दात हे गुणोत्तर आधी ३.०० होतं, ते ३.१३ झालं. मोठ्या टायरने जे नेलं ते स्प्रॉकेटने सगळं परत दिलं, वर थोडं जास्तच. तुमच्या गाडीत नुसतं टायर गेलं तर ही भरपाई होत नाही.

दुसरी अडचण रिमची. व्ही१ चं रिम अरुंद आहे. त्यावर रुंद टायर चढवलं की त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि मधला भाग फुगीर होतो. रस्त्याला टेकतो तो मधला पट्टाच. जाड टायर घेऊन पकड वाढायची सोडून वळणावर गाडी बिचकते. शिवाय ते चेनला घासतं का हेही बघावं लागतं. रिम, स्विंगआर्म, चेन, स्प्रॉकेट असं सगळं आणायचं ठरवलं तर त्या पैशांत चांगलं १००/८० टायर, नवा चेन-सेट आणि ब्रेक पॅड येऊन काही शिल्लक राहील.

प्रश्न: घोडबंदर रोडला गायमुखच्या ट्रॅफिकमध्ये गाडी (व्ही१) तापते. मेकॅनिक म्हणतो, थर्मोस्टॅट काढून टाकू. – कासारवडवली

उत्तर: काढू देऊ नका. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाण्यापासून अडवणारी झडप. थर्मोस्टॅट नसला की इंजिन तापायला फार वेळ घेतं, ईसीयूला ते थंडच वाटतं आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. ॲव्हरेज जातं आणि प्लग काळा पडतो.

आधी गाडी उभी करून इंजिन चालू ठेवा आणि रेडिएटरचा पंखा लागतो का ते पाहा. नाही लागला तर फ्यूज, पंख्याचा कनेक्टर आणि मोटर याच क्रमाने तपासा. पंखा फिरत असेल तर रेडिएटरच्या जाळीतला चिखल पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. प्रेशर वॉशरने पाती वाकतात. कूलंटची पातळी गाडी थंड असताना बघा आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. नळाचं पाणी घालत आला असाल तर सगळं काढून तयार मिश्रणाचं कूलंट भरा. कूलंट वारंवार कमी होत असेल तर वॉटर पंपाखालचं बारीक भोक पाहा. तिथून थेंब पडत असतील तर पंपाचा सील गेला. इंजिन ऑइल दुधाळ दिसत असेल तर पाणी आत शिरलं आहे. गाडी तिथेच बंद करा.

इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकत असेल तर मोजा. लांब लुकलुक म्हणजे दशक, छोटी म्हणजे एकक. दोन लांब आणि एक छोटी म्हणजे २१, कूलंटच्या तापमानाचा सेन्सर. तीन लांब म्हणजे ३०, गाडी आडवी पडल्याची नोंद. अशा वेळी चावी बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. पावसात घसरून पडल्यावर नुसताच सेल्फ मारत बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

प्रश्न: निळा धूर येतो. बोअर करून घेऊ का? – नेरूळ

उत्तर: या इंजिनाच्या सिलिंडरमध्ये लोखंडी लायनर नाही. तो सिलिकॉनयुक्त ॲल्युमिनियमचा डायासिल सिलिंडर आहे, जुन्या गाड्यांसारखा बोअर करून (आतून कापून मोठा करून) ओव्हरसाइझ पिस्टन टाकायचा नव्हे. आधी व्हॉल्व्ह सील तपासा. रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्या स्टार्टलाच धूर येऊन थांबत असेल तर बहुधा सीलच असतात. सतत येत असेल तर सिलिंडर, पिस्टन आणि रिंग एकत्र बदला.

प्रश्न: गाडी २००९ ची आहे. आरसीची १५ वर्षं संपली. – पनवेल

उत्तर: फॉर्म २५ भरून नूतनीकरण करा, पाच वर्षांसाठी मिळतं. पर्यावरण कर भरावा लागतो आणि गाडी तपासणीला न्यावी लागते. विमा आणि पीयूसी चालू हवेत. चेसिस नंबर गंजाखाली गेला असेल तर बारीक पॉलिश पेपरने अलगद साफ करा. ग्राइंडर लावू नका, अंक पुसट झाले तर नंबर खोडल्याचा संशय येतो. बाहेरून बसवलेला सायलेन्सर असेल तर तपासणीआधी मूळचा परत लावा.