रंकाळ्याच्या पाण्याच्या थेंबात काहीच दिसत नाही. मायक्रोस्कोप खराब आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सातवीतल्या मुलीसाठी मायक्रोस्कोप घेतला, कोल्हापूरच्या रंकाळा तलावातून बाटलीभर पाणी आणलं, सगळ्यात मोठ्या लेन्सखाली थेंब ठेवला आणि काळ्या कडेचे गोल सोडले तर काहीच दिसलं नाही.

मायक्रोस्कोप बरा आहे. काळ्या कडेचे गोल म्हणजे हवेचे बुडबुडे. मी पहिल्या आठवड्यात त्यांचं वहीत चित्र काढून खाली ‘अंडी?’ असं लिहिलं होतं, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. कव्हर स्लिप, म्हणजे थेंबावर ठेवायची पातळ काच, आडवी टाकली की हवा अडकते. तिची एक कड आधी पाण्याला टेकवायची आणि मग सावकाश खाली सोडायची.

मी शिरोलीत एका फौंड्रीच्या लॅबमध्ये आहे. बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, तुकडे पॉलिश करायचे आणि त्यातलं ग्रॅफाइट बघायचं, हे रोजचं काम. एकदा जेवणाच्या सुट्टीत तिथल्याच मायक्रोस्कोपखाली पाणी ठेवलं आणि काही म्हणता काही दिसलं नाही. धातूच्या मायक्रोस्कोपात उजेड वरून पडून परत फिरतो. पाण्यातले जीव जवळजवळ पारदर्शक, त्यांना उजेड खालून आरपार हवा. मग कॉलेजात वापरतात तसला एक जुना मायक्रोस्कोप घेतला. आता आठ वर्षं झाली.

तुमची खरी चूक पाण्यात आहे. काठावर वाकून मोकळं, नितळ पाणी भरून आणलं असणार. त्यात जीव असतात, पण विरळ. एका थेंबात एखादा सापडला तर नशीब. यांची वस्ती कशाला तरी चिकटून असते. केंदाळाचं, म्हणजे जलपर्णीचं, एक रोप उचला आणि त्याची काळी झुबकेदार मुळं डब्यात पिळा. चहासारखं गढूळ पाणी निघेल. पाच मिनिटं निवळू द्या आणि तळाचा गाळ ड्रॉपरने घ्या. रंकाळ्यात नुकतीच सफाई झाली असेल तर कळंब्याला जा, नाहीतर मळ्यातल्या विहिरीच्या पायरीवरचं शेवाळ खरवडून आणा. पायऱ्या निसरड्या असतात, पोरीला वरच उभी करा. आणि घरी आल्यावर हात साबणाने धुवा, आपल्या तळ्यांत काय काय येऊन मिळतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

डब्याचं झाकण घट्ट लावू नका. मी एकदा लावलं आणि सकाळी उघडलं तर कुजक्या अंड्यांचा वास! आतला प्राणवायू संपून सगळं मेलं होतं. पण उघडाही ठेवू नका, डास अंडी घालतात आणि डेंग्यूच्या दिवसांत घरचे तुम्हाला डब्यासकट बाहेर काढतील. वर जुन्या धोतराचा तुकडा बांधा.

दुसरी चूक लेन्सची. मोठी लेन्स म्हणजे जास्त दिसणार, असं सगळ्यांनाच वाटतं. थोडा हिशेब सांगतो. एक्स म्हणजे पट, आणि आयपीस म्हणजे डोळा लावतो ते भिंग. साधारण 10एक्स आयपीसला 4एक्स लेन्सखाली साडेचार मिलिमीटर रुंद गोल दिसतो, 10एक्सखाली 1.8 आणि 40एक्सखाली अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. पॅरामिशियम हा एकपेशीय जीव पाव मिलिमीटर लांब आणि सेकंदाला मिलिमीटरभर तरी पळतो. 40एक्सखाली तो अर्ध्या सेकंदात गेला! आम्ही बिडातलं ग्रॅफाइटसुद्धा 100 पटीतच तपासतो, आणि ते तर जागचं हलत नाही. सुरुवात 4एक्सने करा, काही वळवळलं की मधोमध आणा, मग 10एक्स. 40एक्स फक्त बसून राहिलेल्यांसाठी. पळणाऱ्यांना अडवायला थेंबात कापसाचे चार-पाच तंतू पिंजून टाका, त्यांच्या जाळीत ते अडकून फिरत राहतात. आणि स्टेजखालचा (स्लाइड ठेवतो त्या पट्टीखालचा) डायफ्रॅम, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची झडप, जवळजवळ मिटवा. उजेड जास्त झाला की हे जीव काचेसारखे नाहीसे होतात. तुम्हाला काही न दिसण्याचं निम्मं कारण हेच असेल.

आता मुळांच्या गाळात काय भेटेल? व्हॉर्टिसेला नक्की शोधा. देठावर उलटी घंटा, तोंडाशी रोमांचं, म्हणजे अतिबारीक केसांचं, कडं गरगरतंय. टेबलाला बोटाने टिचकी मारा: जुन्या लँडलाइनच्या वायरीसारखा देठ गुंडाळून घंटा खाली, आणि मग हळूहळू पुन्हा वर. पोरगी तासभर टिचक्या मारत बसेल. रोटिफर असतील, डोक्यावर दोन चाकं फिरतायत असं वाटेल. चाकं नाहीत ती, रोमांची लाट आहे. पोटात अन्न दळणारा जबडासुद्धा हलताना दिसतो. हिरव्या धाग्यात स्प्रिंगसारखी पट्टी दिसली तर तो पुस्तकातला स्पायरोगायरा. डेल्फ्टचा कापडव्यापारी लेवेनहूक याने 1674 मध्ये गावाजवळच्या तळ्यातलं पाणी तपासलं, तेव्हा त्यालाही असे हिरवे पीळ दिसले होते. ते तळं उन्हाळ्यात हिरवं व्हायचं आणि तिथले लोक म्हणायचे, हे दव पडल्यामुळे होतं. त्याने एका भिंगाचा, स्वतः घासून केलेला मायक्रोस्कोप वापरला, हे ऐकलं की माझ्या मायक्रोस्कोपच्या डगमगणाऱ्या स्टेजबद्दल बोलायची मला लाज वाटते.

नुसत्या डोळ्यांनाही ठिपक्याएवढा दिसणारा, झटके देत पोहणारा जीव म्हणजे सायक्लॉप्स. एकच लाल डोळा, मादी असेल तर मागे अंड्यांच्या दोन पिशव्या. हा जरा निरखून बघा. नारूच्या अळ्या याच्या पोटात वाढायच्या, असं पाणी न गाळता प्यायलं की वर्षभराने पायातून हातभर लांब जंत बाहेर यायचा. माझी आज्जी हंड्यावर दुहेरी फडकं बांधायची, आम्ही तिला हसायचो. सायक्लॉप्स फडक्यात अडकतो, रोग तुटायला त्याचाही मोठा हातभार लागला. भारतातला शेवटचा रुग्ण 1996 चा, आणि 2000 मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. तेव्हा आता दिसला तर घाबरू नका.

पावसाळ्यात पुन्हा पुन्हा तळ्यावर जाणं जमलं नाही तर भाताचं मूठभर पिंजर (वाळलेला पेंढा) आधी आणून ठेवलेल्या तळ्याच्या पाण्यात भिजत घाला. चार-पाच दिवसांत वर पातळ साय धरते, आठवड्याभरात सायीखाली पॅरामिशियमची जत्रा भरते. वास येतो, गच्चीत ठेवा.

स्लाइडवरचा थेंब अर्ध्या तासात सुकायला लागतो, कव्हर स्लिपच्या कडेला डब्यातलंच एक थेंब पाणी सोडत राहा. नळाचं नको, त्यात क्लोरीन असतो. फोटो आयपीसला मोबाईल टेकवून निघतो. इथे नाव विचारायला टाकाल तेव्हा कोणत्या लेन्सखाली काढला ते जरूर लिहा. मागे एकाने भलामोठा राक्षस म्हणून टाकलेला फोटो शेवटी कापसाच्या तंतूचा निघाला होता.