शहामृग पाळू का? देपालपूरच्या दादांना उत्तर

नमस्कार मंडळी, या आठवड्यात इंदूरच्या आपल्या भागातून शहामृगावरच जास्त प्रश्न आलेत. देपालपूरचे एक दादा विचारतायत, सोयाबीनला भाव नाही, दोन एकर मोकळं पडलंय, एक पार्टी शहामृगाच्या जोड्या देतेय आणि पिल्लं आम्हीच परत घेऊ असं लिहून देतेय, तर करू का? आणि महूच्या ताई विचारतायत, इमू आणि शहामृग एकच का?

ताई, एकच नाही. इमू ऑस्ट्रेलियाचा, पायाला ३ बोटं, अंडं गडद हिरवं. शहामृग आफ्रिकेचा, बोटं दोनच, अंडं जवळपास दीड किलोचं म्हणजे कोंबडीची २४ एक अंडी धरा. नर काळा, मादी राखाडी-भुरकी. रात्री अंड्यांवर नर बसतो, दिवसा मादी, अंधारात काळा दिसत नाही आणि उन्हात भुरकी मातीत मिसळते.

दादा, आता तुमचं. पार्टीला एकच विचारा, परत घेतलेली पिल्लं तुम्ही विकता कोणाला? उत्तर "दुसऱ्या शेतकऱ्याला" असं आलं तर उठून या. इमूचं हेच झालं होतं, २०१२ च्या आसपास तमिळनाडूत लोक बुडाले, आपल्या महाराष्ट्रातल्या लोकांचेही हात पोळले, कारण पिल्लाला गिऱ्हाईक होतं, मांसाला नव्हतं. शहामृगाचा पैसा मांसात आणि कातड्यात. दक्षिण आफ्रिकेत औट्सहूर्नकडे कत्तलखाना, चामड्याचे कारखाने सगळं जवळ आहे, आणि तिथेसुद्धा १९१४ ला पिसांची फॅशन गेली तेव्हा मोठेमोठे बसले. आपल्याकडे इंदूर म्हणजे सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा (मक्याचा) कीस खाणारं गाव, इथे शंभर किलोचा पक्षी कोण घेणार?

दुसरं म्हणजे आपली काळी माती. हा कोरड्या रानातला पक्षी, त्याला पळायला मोकळी कडक जमीन लागते आणि आषाढात आपल्याकडे पाय घोट्यापर्यंत रुततो. घसरून पाय मोडला की संपलं. पिल्लांचं तर पहिले ३ महिने जिवावरचं काम, ओल, थंडी, वाकडे पाय, काहीही होतं.

आणि चोच! चमकलं की गिळलं. एका बंद पडत आलेल्या इमू फार्मवर डॉक्टरांनी पोस्टमॉर्टेम केलं तेव्हा मी शेजारीच उभा होतो, पोटातून गुटख्याच्या पुड्या, दोन नट आणि तारेचा तुकडा निघाला. शहामृग तसाच. कुंपणाला काटेरी तार तर अजिबात नको, कातडं फाटतं आणि कातड्याचाच तर भाव. नर अंगावर आला तर लाथ पुढे मारतो, मांडी फाडेल अशी. पकडायचा झाला तर डोक्यावर काळा मोजा चढवा, लगेच गप्प होतो.

बाहेरून आणलेला पक्षी म्हणत असतील तर आयातीचा परवाना आणि क्वारंटाइनचे कागद बघा, "सर होऊन जाईल" चालणार नाही. २०२१ च्या जानेवारीत इंदूरला कावळे बर्ड फ्लूने मेले होते हे विसरलात का?

पक्षीच पाळायचे असतील तर शेजारच्या झाबुआचा कडकनाथ कोंबडा आहे ना, २०१८ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, ५० पिल्लांपासून सुरुवात करा. बयाणा अजून दिला नसेल तर देऊ नका, ॲग्रीमेंटची झेरॉक्स घेऊन मंगळवारी ऑफिसला या, दुपारच्या आत, नंतर मी फील्डवर असतो.