तिसऱ्यांदा नीट नको

प्रश्न : मुलीनं दोनदा नीट दिली, गुण कमी पडले. तिसऱ्यांदा बस म्हटलं तर म्हणते, मला कानाच्या मशीनवर संशोधन करायचंय. दिवसभर मोबाइलवर बाजारातले, स्टँडवरचे आवाज रेकॉर्ड करत फिरते. मशीन दुकानात तपासूनच मिळतं, त्यात संशोधन कसलं? तिला समजवा.
– एक पालक, सांगली

उत्तर : गुणांची मला काळजी नाही. काळजी वाटली ती ‘तिला समजवा’ वाचून. काय करायचंय हे इतकं नेमकं सांगणारी मुलं माझ्याकडे क्वचित येतात. तुमची मुलगी ते सांगतेय आणि तिला गप्प करायला तुम्ही माझी मदत मागताय. ती मी करणार नाही. तिसऱ्या प्रयत्नालाही माझा विरोध आहे. दोन वर्षं तिनं तुमच्या इच्छेला दिली, तेवढी पुरेत.

‘मशीन तपासूनच मिळतं’ हा मात्र मोठा गैरसमज आहे. ती तपासणी शांत खोलीत होते. तेच मशीन लावून आजोबा लग्नाच्या हॉलमध्ये गेले की सनई, ताटं आणि शेकडो माणसांची बडबड एकदम कानात घुसते. मग ते मशीन काढून खिशात ठेवतात. म्हणून मशीन तपासायला ही गर्दी प्रयोगशाळेत उभी करावी लागते. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठात प्रतिध्वनी न उमटणाऱ्या खोलीत ६४ स्पीकर चहूबाजूंनी, वरखाली मांडलेत. मधोमध माणूस बसतो आणि भोवती उपाहारगृह ऐकू येतं. पण माणसाचा कान फसला म्हणजे मशीन फसतंच असं नाही. त्यातले दोन मायक्रोफोन एकमेकांपासून जेमतेम सेंटीमीटरभर अंतरावर असतात. आवाज कोणत्या दिशेनं आला, हे त्या दोघांपर्यंत तो पोचण्यातल्या सूक्ष्म फरकावरून ठरतं. स्पीकरांमध्ये मोकळी जागा राहते, त्यामुळे उंच स्वरांत हा फरक बिघडतो आणि मशीन खऱ्या हॉलमध्ये वागतं तसं इथे वागत नाही. मग अशा तपासणीच्या निकालावर विश्वास किती ठेवायचा? तुमच्या मुलीला भिडायचंय ते या प्रश्नाला.

माणसं तपासायला आवडत असेल तर बीएएसएलपी, म्हणजे श्रवण आणि वाचा-उपचाराची पदवी: वांद्र्याची अली यावर जंग संस्था, म्हैसूरची आयिश (अखिल भारतीय वाचा-श्रवण संस्था). प्रवेशाचे नियम चालू वर्षाच्या माहितीपत्रकातच बघा. गणितात रस असेल तर इलेक्ट्रॉनिक्स किंवा भौतिकशास्त्र, पुढे सिग्नल प्रोसेसिंग, म्हणजे आवाजासारख्या संकेतांवरची गणिती प्रक्रिया. बारावीला तिचं गणित होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर ही दुसरी वाट अवघड जाईल.

जर्मनीतल्या ओल्डेनबुर्गमध्ये तयार झालेलं ‘टास्कार’ हे असं ध्वनिविश्व उभारायचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं, लिनक्सवर चालतं. क्लासची फी भरण्याआधी दोन महिने तिला ते वापरू द्या.