टोमॅटोची हिरवीगार रोपं उभ्या उभ्या मरतात, सुडोमोनास घालून उपयोग होईल का?

खानापूर भागात तांबड्या मातीत टोमॅटो आहे, लावून महिना झाला, रोपं हिरवी असतानाच माना टाकतात आणि दुकानदार सुडोमोनास या उपयोगी जिवाणूचं ड्रेंचिंग करा, म्हणजे पाण्यात कालवून बुडाशी ओता, म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. आता मान टाकलेल्या रोपांवर पैसे घालू नका, ती गेली. पुढच्या लावणीला मात्र जरूर वापरा.

त्याआधी रोग कुठला ते बघा. सुकत असलेल्या रोपाच्या बुडातला बोटभर तुकडा कापा आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन त्यात कापलेलं टोक न हलवता धरा. पाचेक मिनिटांत टोकातून दुधासारख्या बारीक धारा खाली उतरल्या तर ती राल्स्टोनिया जिवाणूची मर. आमच्या कडोलीच्या शेतात हे पहिल्यांदा केलं तेव्हा आत्या म्हणाली, "उदबत्तीचा धूर उलटा खाली चाललाय की रे!" धारा नाहीत आणि खालची पानं आधी पिवळी पडत असतील तर बहुधा फ्युजेरियम बुरशी.

सुडोमोनास फ्लुरोसेन्स मुळांभोवती वस्ती करतो. यूव्ही दिव्याखाली तो हिरवट-पिवळा चमकतो, आणि ज्या रंगद्रव्यामुळे चमकतो तेच मातीतलं लोह पकडून ठेवतं, रोगाच्या बुरशीला लोह मिळू देत नाही. शिवाय तो स्वतः बुरशीला मारक द्रव्यं सोडतो आणि झाडाची प्रतिकारशक्ती जागी करतो. पण त्यासाठी मुळांवर आधी त्याची वस्ती बसायला हवी. फ्युजेरियमवर फरक चांगला दिसतो. राल्स्टोनियावर फार भरवसा नको, तिथे जोर कमी पडतो.

आता माझी चूक ऐका. एप्रिलमध्ये स्वस्तात मिळाली म्हणून पाच किलो पावडर आणली आणि पत्र्याच्या खोलीत माळ्यावर टाकली. जूनमध्ये घातली, काडीचाही फरक नाही. पॅकेटवर ग्रॅममागे दहा कोटी जिवाणू छापलेले होते, पण ते जिवंत असले तर ना! सुडोमोनासला बीजाणू, म्हणजे तग धरायचं कडक कवचातलं रूप, नसतात, उन्हाच्या तावात तो मरतो. बॅसिलस सब्टिलिस हा दुसरा उपयोगी जिवाणू बीजाणू करतो, म्हणून जास्त दिवस टिकतो. दुकानातून उचलताना तयार केल्याची तारीख बघा, जुना माल असेल तर परत ठेवा.

वापरताना बियाण्याला किलोमागे 10 ग्रॅम चोळा. रोपं लावायच्या आधी लिटरला 10 ग्रॅमच्या पाण्यात मुळं अर्धा तास बुडवा. राहिलेलं पाणी वाफ्यातच ओता, फेकायला काय जातं! जमिनीसाठी एकरी एक किलो, चांगल्या कुजलेल्या ओलसर शेणखतात मिसळून, संध्याकाळी. कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचं बुरशीनाशक जिवाणूलाही मारतं, ते त्याच टाकीत नको, मागेपुढेही दहा-पंधरा दिवस नको. सांगणारे दोन्ही एकदम सांगतात आणि मग जिवाणूवरच खापर फोडतात.

धारा उतरल्या असतील तर त्या रानात पुढची दोन-तीन वर्षं टोमॅटो, मिरची, वांगी, बटाटा, आलं काही लावू नका. भात किंवा मका घ्या. मेलेली रोपं मुळासकट उपटून जाळा, आणि ती माती लागलेलं खुरपं दुसऱ्या वाफ्यात नेऊ नका. ग्लासात काय दिसलं ते खाली लिहा, मग पुढचं बघू.